नारळ वाढवला, पुढे काय?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १०.

परवा सात्त्विक अन्न झालं, काल राजस झालं. आज तामस. भगवंत इथे यादीच देतात : प्रहर उलटून गेलेलं, रस निघून गेलेलं, वास मारणारं, शिळं, कोणीतरी उष्टं केलेलं, अपवित्र. तामसी माणसाला असलं अन्न आवडतं, एवढंच श्लोक म्हणतो. वाचायला अर्धं मिनिट लागतं, पण फ्रीज उघडून वाचला तर अख्खा दिवस पुरतो.

इंदिरानगरला राहणाऱ्या एका ताईचा प्रश्न याच श्लोकाला धरून आहे. ती लिहिते, "दादा, संकष्टीला गणपतीच्या देवळात नारळ वाढवला. एक वाटी परत मिळाली. घरी आम्ही दोघंच. थोडी चटणी केली, बाकी फ्रीजमध्ये ठेवली. आज बघते तर बुळबुळीत झालीय, वास येतोय. प्रसाद आहे म्हणून टाकवत नाही, आणि खाववत तर नाहीच. मुळात प्रसाद असा साठवून ठेवणंच चूक आहे का? साठवलेला प्रसाद तामसी होतो का?"

प्रश्न साधा वाटतो, पण यात तीन प्रश्न गुंतलेत. शिळं कशाला म्हणायचं? देवाला दिलेलं परत आलं की ते कोणाचं? आणि प्रसाद खराब झाला तर तो प्रसाद राहतो का? श्रावण चालू आहे, पुढे गणपती येतायत, घरोघरी नारळ येणारच. म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

आधी शिळेपणाचं बघू. श्लोकातला पहिलाच शब्द आहे 'यातयाम'. याम म्हणजे प्रहर, तीन तास. शब्दशः घेतलं तर सातपूर-अंबडच्या कंपन्यांत पहिल्या पाळीला डबा घेऊन जाणारा प्रत्येक जण तामसी ठरेल, कारण घरून पहाटे भरलेला डबा उघडेपर्यंत प्रहर कधीच उलटलेला असतो! हा घोळ जुन्या आचार्यांनाही दिसला असावा. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात 'यातयाम'चा अर्थ चक्क अर्धवट शिजलेलं असा केला. कारण साधं आहे : सत्त्व निघून गेलेल्या अन्नासाठी त्याच श्लोकात 'गतरस' हा वेगळा शब्द आलेलाच आहे, मग तेच पुन्हा कशाला सांगतील? गीतेवर 'सुबोधिनी' टीका लिहिणाऱ्या श्रीधरस्वामींनी मात्र प्रहर उलटून थंडगार झालेला भात वगैरे असा अर्थ घेतला. दोघांचं जुळत नाही, पण एका गोष्टीत जुळतं. दोघंही शिजवलेल्या अन्नाबद्दल बोलतायत. कच्च्या नारळाला हा प्रहराचा हिशेब लागूच होत नाही.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर आणखी एक सूट आहे : तूप-तेल असलेला पदार्थ आणि यज्ञातल्या हवीचा उरलेला भाग शिळा झाला तरी खायला हरकत नाही. (त्या ग्रंथाचा मी चाहता नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो जाळला गेला, त्यामागची वेदना खरी होती. अन्नाला सूट देणाऱ्या पुस्तकाने माणसांना ती दिली नाही. पण जुन्या लोकांनी 'शिळं' हा शब्द घड्याळ लावून वापरला नव्हता, एवढं दाखवायला हे उदाहरण उपयोगी पडतं.)

म्हणजे फ्रीजमध्ये ठेवलं म्हणून खोबरं तामसी झालं असं नाही. वास यायला लागला, बुळबुळीत झालं, की मात्र ते नक्की या यादीत गेलं. तिथे कुठल्या टीकाकाराची गरज नाही, नाक पुरतं.

आता नारळाकडेच नीट बघा. न फोडलेला नारळ ही एक गंमतच आहे. आत पाणी आहे, गोडवा आहे, तेल आहे, म्हणजे जंतूंना मेजवानीच. तरी कवटी धड असेपर्यंत आत काहीही शिरत नाही. महिना-दीड महिना तो कोपऱ्यात निवांत पडून राहतो. शेंडीखाली तीन डोळे असतात, त्यातले दोन टणक आणि एक मऊ. कोंब त्या मऊ डोळ्यातून बाहेर येतो, आणि बिघाडही बहुतेक वेळा तिथूनच आत शिरतो. म्हणून तर जुनी माणसं घरात ठेवायच्या नारळाची शेंडी काढू देत नाहीत. कवटी फुटली की मात्र घड्याळ सुरू. ओल्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी आणि एक तृतीयांश तेल असतं. पाण्यामुळे ते आंबतं, तेलामुळे खवट होतं. सुक्या खोबऱ्यातलं पाणी वाळवून शेकडा सहा-सातवर आणलेलं असतं, म्हणून ते डब्यात महिनोन्‌महिने टिकतं. खिरापतीला बहुतेक घरांत सुकं खोबरं घेतात, ते उगाच नाही.

आणि फोडण्याला आपण म्हणतो काय? 'नारळ वाढवला.' देवापुढे 'फोडला' म्हणायचं नाही, आजी लगेच टोकायची. दुकान बंद करताना 'वाढवलं', बांगडी फुटली की 'वाढवली', तसाच नारळ. अशुभ शब्द टाळायची ही आपली रीत, एवढंच मी बरीच वर्षं समजत होतो, आणि ते खरंच आहे. पण नारळाच्या बाबतीत तो शब्द अक्षरशः खरा ठरतो. फुटेपर्यंत नारळ एक असतो. फुटला की दोन वाट्या, वाट्यांचे तुकडे, आणि तुकडे जेवढे हात पुढे येतील तेवढे. वाड्यात राहणाऱ्यांना हे सांगायला लागत नव्हतं. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात एक नारळ वाढवला की नखाएवढे तुकडे करून आठ-दहा बिऱ्हाडांत जायचे. साठवायला उरायचंच नाही! आता फ्लॅटमध्ये दोन माणसं, समोरच्या दाराशी ओळख नाही, आणि मध्यम नारळाचा चव निघतो दोन-अडीच वाट्या. मग फ्रीजशिवाय कोण वाली?

इथे दुसरा प्रश्न येतो. देवाला दिलं, देवाने परत दिलं, आता ते माझं का?

गीतेचा तिसरा अध्याय आठवा, बारावा-तेरावा श्लोक. देवांनी दिलेलं त्यांना न देता एकटाच भोगतो त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. आणि यज्ञातून उरलेलं खाणारे पापातून सुटतात, फक्त स्वतःपुरतं शिजवणारे पापच खातात, असं पुढे सांगतात. केवढा कडक शब्द! बघा, इथे किती वेळापूर्वी शिजवलं हा मुद्दाच नाही. मुद्दा आहे कोणासाठी शिजवलं हा. ताजं, गरमागरम, सगळे नियम पाळून केलेलं अन्नही 'फक्त माझं' असेल तर या श्लोकात नापास होतं. आणि चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून पाचव्या दिवशी पाहुण्यांच्या पानात पडलेलं खोबरं पास होतं, असं मला वाटतं.

म्हणून 'साठवणं चूक का?' याचं माझं उत्तर : साठवणं चूक नाही. विसरण्यासाठी साठवणं चूक आहे. आपण बहुतेक वेळा साठवत नसतो, निर्णय पुढे ढकलत असतो. वाटी उघडीच फ्रीजच्या मागच्या कप्प्यात सरकवायची, 'बघू नंतर'. पुढच्या संकष्टीला नवीन वाटी येते तेव्हा जुनी सापडते. जपणं आणि अडकवून ठेवणं बाहेरून सारखंच दिसतं, दोन्हींत वस्तू फ्रीजमध्येच असते. फरक एवढाच, की जपणाऱ्याला ती कोणाच्या पानात जाणार हे माहीत असतं.

देवाला दिलेल्या वस्तूवरचा आपला हात सुटतच नाही, याचा एक गमतीशीर नमुना सांगतो. न फोडता ठेवलेले नारळ कित्येक देवळांतून पुन्हा बाहेरच्या दुकानात जातात आणि दुसऱ्या भक्ताला विकले जातात. हे कळलं की लोक प्रचंड चिडतात, 'आमचा नारळ विकला!' अहो, 'आमचा' कसा? तो तर देवाला दिला होता ना? देवस्थानाने हिशेब चोख ठेवावा, ही मागणी रास्त आहे आणि ती जरूर करावी. पण ती नागरिक म्हणून करावी. भक्त म्हणून त्या नारळावरचा हक्क आपण पायरीवरच सोडलाय. नाहीतर दिलं काय?

प्रसाद कोणाचा, हा प्रश्न नाशिककरांनी तर फार जपून विचारला पाहिजे. २ मार्च १९३० ला याच पंचवटीत, काळारामाच्या दारात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. कित्येक वर्षं माणसं दारापर्यंत येत राहिली आणि दार बंदच राहिलं. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ज्याला आत जाता येत नाही, त्याचा नारळही आत जात नाही आणि प्रसादाचा तुकडाही त्याच्या हातावर पडत नाही. त्या काळात आतल्या लोकांनी वाढवलेले नारळ अगदी ताजे असतील, शेंडीसकट, नियमाने. तिसऱ्या अध्यायातल्या त्या श्लोकापुढे ते ठेवून बघा. बुरशी फक्त खोबऱ्यालाच येते असं नाही.

याच ओघात एक छोटी गोष्ट. 'बाईने नारळ फोडू नये' हे अजून ऐकू येतं. एकट्या राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या कितीतरी ताया नारळ घेऊन शेजारच्या काकांकडे जातात. गीतेत याला काहीही आधार नाही. नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी काहीही भक्तीने दिलं तरी चालतं असं भगवंत म्हणतात, तिथे देणारा कोण याची अट नाही. कोयता नीट धरा, बोटं सांभाळा, आणि स्वतः वाढवा.

आता थोडं कामाचं. माझ्या मते हीसुद्धा पूजाच आहे, तेव्हा घाईघाईत वाचू नका.

घेताना नारळ कानाशी हलवा. पाणी खळखळलं पाहिजे. डोळे ओलसर किंवा काळपट-बुरशी आलेले असतील तर घेऊ नका. आकाराच्या मानाने जड तो चांगला. घरी फोडताना शेंडी अगदी फोडायच्या वेळीच काढा. नारळ डाव्या हातात आडवा धरा आणि त्याच्या कमरेवर, म्हणजे बरोबर मधल्या गोलावर, कोयत्याच्या पाठीने किंवा बत्त्याने ठोके देत नारळ फिरवत राहा. एकाच जागी जोरात मारलं तर वेडावाकडा फुटतो. दोन-तीन फेऱ्यांत रेघ उमटते, मग खाली पातेलं धरून शेवटचा ठोका द्या. पाण्याचा आधी वास घ्या. आंबूस किंवा विचित्र असेल तर चाखूही नका. चांगलं असेल तर त्याच दिवशी पिऊन टाका, ते टिकत नाही.

दोन वाट्यांपैकी डोळ्यांची वाटी आधी वापरायची, ती लवकर खराब होते, असं घराघरांतल्या जुन्या बायका सांगतात. दुसरी वाटी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते, पण झाकून, आणि ओला हात न लावता. त्याहून चांगलं म्हणजे त्याच दिवशी सगळं खवून टाकायचं. विळीची खवणी असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर वाटी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा आणि कडेने सुरी घाला, खोबरं करवंटीपासून अलगद सुटतं. मंद गॅसवर करवंटी शेकली तरी सुटतं. तपकिरी साल काढायची की नाही ही तुमची हौस. नारळीभाताला पांढरा चव हवा असेल तर काढा, चटणीला काही बिघडत नाही. मग मिक्सरमधून पाणी न घालता फिरवायचं.

हा चव कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये चार दिवस राहतो, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने आरामात. डबा ठासून भरला तर दगड होतो आणि रोज अख्खा डबा बाहेर काढावा लागतो. पिशवीत पातळ थर पसरून ठेवला की हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. एकदा वितळलेला पुन्हा गोठवू नका. आणि डब्यावर तारीख लिहा. त्या तारखेखाली मी आणखी एक ओळ लिहितो : कोणासाठी. 'रविवार, मावशी, सोलकढी.' हसू नका, याने 'बघू नंतर' बंद होतं!

एवढं करूनही खराब झालंच तर? ताईचा खरा प्रश्न हाच आहे.

पहिलं म्हणजे, खायचं नाही. 'प्रसाद आहे, काही होत नाही' ही श्रद्धा नाही. डेन्मार्कमध्ये काही वर्षांपूर्वी ६९ वर्षांचे एक गृहस्थ बिघडलेल्या नारळाचं पाणी चाखून दगावले. तो नारळ सोललेला होता, थंड जागी ठेवायचा होता, आणि महिनाभर ओट्यावर राहिला होता. आत वाढलेल्या बुरशीचं विष भिनलं. चव वाईट लागली म्हणून त्यांनी थोडंसंच पाणी घेतलं होतं, तरीही. असं फार क्वचित घडतं, पण घडतं. बिघडलेलं अन्न कोणाला खाऊ घालणं तर त्याहून वाईट. खवट खोबरं 'वाया कशाला घालवायचं' म्हणून कामवाल्या मावशींच्या हातावर ठेवणं हे दान नव्हे. जे आपण खाणार नाही ते दुसऱ्याला देताना त्याला प्रसाद म्हणायचं, यात देवाचं नाव उगाच खर्ची पडतं.

दुसरं, गंगेत सोडायचं नाही. आपण गोदावरीला गंगा म्हणतो, आई म्हणतो, आणि पिशवीत बांधलेलं निर्माल्य पुलावरून तिच्या अंगावर फेकतो. पाण्यात सडणारी प्रत्येक वस्तू पाण्यातला प्राणवायू खाते, मग माशांना तो कमी पडतो. रामकुंडावर स्नानाला येणाऱ्याच्या अंगावर आपली बुळबुळीत वाटी जाणार, हे कोणत्या धर्मात बसतं? पावित्र्य राखायचं म्हणून आपण घाण नजरेआड करतो, एवढंच त्याचं खरं रूप आहे.

मग करायचं काय? मातीत घालायचं. कुंडीत चार बोटं खोल पुरा, वर माती ओढा. बाल्कनीत कुंडी नसेल तर सोसायटीच्या बागेत एखाद्या झाडाशी. तेही नसेल तर हात जोडा आणि घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात टाका, प्लास्टिकमध्ये न गुंडाळता. आपल्या शहराचा ओला कचरा पाथर्डीकडच्या खतप्रकल्पात जातो, म्हणजे तोही शेवटी मातीतच जातो. याने प्रसादाचा अपमान होत नाही. जे मातीतून वर आलं ते मातीत गेलं. अपमान झालाच असेल तर तो आधीच्या आठ दिवसांत झाला, वाटी मागच्या कप्प्यात पडून होती तेव्हा. करवंटी मात्र टाकू नका. घासून पुसून चिमण्यांना पाणी ठेवायला ती उत्तम, नाहीतर वाळवून धुपाला वापरा.

वाढवताना नारळ नासका निघाला तर? कोणी म्हणतं अपशकुन, कोणी म्हणतं देवाने संकट स्वतःवर घेतलं. आत कोंबाचा पांढरा गोळा निघाला की सगळेच खूश. मला विचाराल तर नासका नारळ म्हणजे नासका नारळ. वरून दिसला नाही, दुकानदारालाही दिसला नसेल. दुसरा आणा, किंवा नुसतं फूल वाहा. नवव्या अध्यायातल्या त्या चार वस्तूंमध्ये फूल फळाच्या आधी आलंय!

एक शेवटचा मुद्दा, कारण तो गणपतीत हमखास निघतो. प्रसादाच्या नारळाचा चव फ्रीझरमध्ये आहे, त्याचे मोदक करून नैवेद्य दाखवला तर चालेल का? नाही. एकदा अर्पण केलेलं पुन्हा अर्पण करत नाहीत. ते आता तुमच्याकडे खाण्या-वाटण्यासाठी आलंय. नैवेद्याला वेगळा नारळ घ्या. न वाहिलेल्या नारळाचा चव आधी खवून गोठवून ठेवलेला असेल, तर त्याचे मोदक ताजे उकडून नैवेद्याला ठेवायला मला काही अडचण वाटत नाही. घरातल्या मोठ्यांची वेगळी रीत असेल तर त्यांच्याशी यावरून भांडू नका. फक्त दोन डबे वेगळे ठेवा, आणि एकावर ठळक अक्षरांत 'प्रसाद' लिहा.

ताई, तुझ्या वाटीसाठी कुंडी बघ. आणि पुढच्या संकष्टीला देवळातून येताना वाटेतच निम्मं वाटून ये, जिन्यात वॉचमनकाका असतीलच.

उद्या श्लोक अकरावा. अन्न संपलं, आता यज्ञ सुरू होतोय : फळाची आस न ठेवता केलेला. एकदा वाचून या.

राम कृष्ण हरी!